फुलांत बसण्याचा हक्क

जे सर्वांचे आहे त्यावर एकेकाचा हक्क किती, हा प्रश्न नीतिशास्त्रात बहुधा विहिरीच्या नाहीतर गायरानाच्या उदाहरणाने समजावून दिला जातो. विहिरीचे पाणी उपसले की कमी होते, गायरानातले गवत एकाच्या गुराने खाल्ले की दुसऱ्याच्या गुराला उरत नाही; तेव्हा वाटणीचे काही नियम माणसांनी पूर्वापार बसवून ठेवले आहेत. परंतु सौंदर्याचे काय? डोंगरावरील फुले एकाने पाहिली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाहीत. पाहणे ही गोष्टच अशी की ती कितीही जणांत वाटली तरी संपू नये. असे असता एखादे रानफुलांचे पठार केवळ पाहणाऱ्यांच्या पायांनी उजाड होऊ लागते, तेव्हा तो दोष कुणाच्या माथी मारावयाचा? कुणी चोरी केलेली नसते, कुणी झाड तोडलेले नसते. आलेला प्रत्येकजण त्या स्थळावर प्रेम आहे म्हणूनच आलेला असतो. प्रेमाने केलेल्या नासधुशीला कोणत्या सदरात घालावे, हे आम्हांस बरीच वर्षे उमगत नव्हते. कास पठाराच्या निमित्ताने त्याचा थोडा विचार करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरांच्या आसपास उंचीवर हे पठार पसरलेले आहे. आपल्यापैकी पुष्कळजण तेथे जाऊन आले असतील. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचा समावेश आहे. तेथे ८५० हून अधिक जातींच्या वनस्पतींची नोंद झालेली आहे. परंतु एप्रिल-मे महिन्यांत कुणी तेथे गेला तर त्याला काळाकभिन्न जांभा दगड आणि करपलेले गवत यांपलीकडे काहीच दिसणार नाही, आणि आपली फसवणूक झाली असे वाटून तो परतेल. या दगडावर मातीचा थर इतका पातळ आहे की मोठे झाड तेथे मूळच धरू शकत नाही. पाऊस पडला की खडकावर पाणी साचते, त्या चिखलवट मातीत बी रुजते, आणि तीन-चार महिन्यांच्या अवधीत रोपाने उगवणे, फुलणे, बी धरणे आणि मरणे असा सारा संसार उरकून घ्यावयाचा असतो. तेरडा, सोनकी, गेंद, कवला या साऱ्यांची हीच धांदल. माती इतकी निकस की सीतेची आसवे हे नाजूक, निळसर जांभळे फूल धरणारी वनस्पती मातीत लपविलेल्या इवल्याशा पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून आपली उपजीविका करते. नाव सीतेच्या अश्रूंचे आणि वृत्ती शिकाऱ्याची! वायतुऱ्याच्या एका जातीच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे. टोपली कारवीची तऱ्हा आणखी निराळी. ती सात-आठ वर्षे नुसती पानांवर राहते आणि मग एका हंगामात एकदम फुलते.

ही माहिती आम्ही लांबविली ती हौसेने नव्हे. पठाराचे हे वेळापत्रक ध्यानात घेतल्याशिवाय पावलाचा अपराध कळत नाही. सप्टेंबरात तुडविले गेलेले रोप बी धरण्यापूर्वीच मेले, तर ते एक फूल गेले एवढ्यावर भागत नाही. पुढच्या वर्षीचे बीही त्याबरोबर गेलेले असते. पायांनी दबलेल्या मातीत पाणी पूर्वीसारखे मुरत नाही. आणि माणसांची गर्दी तर नेमकी त्याच पाच-सहा आठवड्यांत, नेमक्या त्याच सुंदर दिसणाऱ्या तुकड्यांवर होत असते.

गर्दी वाढली तेव्हा वनखात्याने आणि आसपासच्या गावांतील वन व्यवस्थापन समित्यांनी काही बंधने घातली. दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा ठरली, आगाऊ नोंदणी आली, प्रवेशशुल्क आले, ठरावीक पायवाटा आल्या. त्या शुल्कातून गावातील माणसांना राखणदार म्हणून, वाटाडे म्हणून हंगामी काम मिळते, हे विसरता येणार नाही. पठाराला तारेचे कुंपणही घातले गेले. पण या कुंपणाने एक चमत्कारिक धडा दिला. माणसांबरोबर गुरेही बाहेर राहिली; चराई थांबली तसे उंच गवत माजले आणि बुटक्या फुलझाडांना ऊन मिळेनासे झाले. फुले कमी झाली अशी तक्रार गावकरीच करू लागले, आणि अलीकडे ते कुंपण काढून टाकण्यात आले. कुणी विचारील, गुरांचे खूर चालतात तर माणसाच्या चपला का चालू नयेत? उत्तर साधे आहे. गुरे संख्येने थोडी, विखरून चरणारी आणि गवत खाणारी. त्यांचा आणि या फुलांचा शेजार पुरातन आहे. आमचा शेजार काही वर्षांचा, आणि आम्ही मोटारी भरभरून येतो. निसर्ग राखावयाचा म्हणजे माणसाला आणि त्याच्या गुराढोरांना हद्दपार करावयाचे, ही समजूत किती उथळ आहे हे कासच्या तारेने दाखवून दिले. ज्यांच्या वाडवडिलांनी ते पठार नुसते वापरून राखले, त्यांना न विचारता राखण करू पाहणे हा एक प्रकारचा अहंकारच म्हणावा लागेल.

आता प्रत्यक्ष प्रश्नाकडे वळू. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाची सहल तेथे गेली होती. आमच्यासमवेत वसईच्या वाडीत उभा जन्म काढलेली, सत्तरीच्या घरातील एक शेतकरीण होती. पायवाटेच्या कडेला ती थांबली आणि राखणीवरच्या मुलाला म्हणाली, "बाबा, मी जन्मभर फुलं लावली, पहाटे उठून खुडली आणि दादरच्या बाजारात धाडली. फुलांत नुसतं बसले कधीच नाही. आज घटकाभर बसू दे."

तो मुलगा विशीतला असावा. क्षणभर त्याला काही सुचेना. मग तो म्हणाला, "आजी, तुम्ही एकट्याच आला असता तर मी स्वतः हात धरून बसवलं असतं. पण तुमच्या मागं तीन हजार उभे हायेत."

आमच्या मते त्या मुलाने साऱ्या प्रश्नाची गाठ नेमकी दाखविली. आजींची मागणी अन्यायाची नव्हती. उलट त्या तीन हजारांत फुलांजवळ बसण्याचा कुणाला अधिकार असलाच तर तो त्यांना होता, असे आम्हांस आजही वाटते. त्यांच्या बसण्याने पठाराचे काय बिघडले असते? हातभर जागेतील चार रोपे. परंतु मागच्या माणसाची मागणीही तेवढीच लहान, त्याच्या मागच्याचीही तेवढीच. प्रत्येक मागणी निर्दोष आणि त्यांची बेरीज मात्र उजाड माळ.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला किरकोळ चोऱ्यांचे एक जुने प्रकरण शिकविले जाई. एका माणसाच्या द्राक्षमळ्यातून वाटसरू जाता जाता एकेक घड तोडतात. कुणाचीच चोरी मोठी नाही. पण संध्याकाळी मळा रिकामा होतो. मळेवाल्याचे नुकसान गंभीर, परंतु गंभीर पाप कुणाचे? जुने पंडित येथे एक भेद करीत. वाटसरूंनी आपसांत संगनमत केले असेल तर प्रत्येकजण संपूर्ण नुकसानीचा वाटेकरी होतो. संगनमत नसेल, एकाला दुसऱ्याची वार्ताच नसेल, तर प्रत्येकाच्या माथी ज्याचा त्याचा एक घड, एवढेच. मुलगे असताना आम्हांला ही चर्चा शब्दांचा कीस वाटे आणि आम्ही मागच्या बाकावर हसतही असू. आज मात्र वाटते की कासच्या पायवाटेवर उभे राहून याहून उपयोगी दुसरे प्रकरण सुचले नसते.

कारण वार्ता नसणे ही सबब आता आपल्यापाशी उरलेली नाही. पूर्वीच्या प्रवाशाला आपल्या आधी किती आले आणि मागून किती येणार याची कल्पना नसे. आम्हांला असते. नोंदणी करतानाच जागा भरत आल्याचे आम्ही पाहतो. घाटात मोटारींच्या रांगेत तास-दीड तास बसून आम्ही ती संख्या स्वतः मोजलेली असते. आम्ही एकमेकांशी बोललेलो नसू, पण एकमेकांना पाहिलेले असते. इतके माहीत असून "माझ्या एका पावलाने काय होते?" असे म्हणणारा मनुष्य संगनमताच्या फार जवळ आलेला असतो. म्हणजे एक पाऊल हे महापाप ठरले असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे हास्यास्पद होईल. मात्र आपल्या कृतीचे माप काढताना ती एकटी धरावयाची की बेरजेत धरावयाची, हे आपल्याला असलेल्या ज्ञानावर अवलंबून आहे, आणि ज्याला बेरीज दिसते त्याने बेरजेसह हिशेब द्यावा, एवढे तरी मान्य व्हावे.

येथे काही वाचक म्हणतील, मग जाऊच नये काय? सामान्यांना दूर ठेवणे हाच राखण्याचा उपाय असेल तर तो सोपा आहे आणि जगात तो पुष्कळदा झालेलाही आहे. इंग्लंडातील एक उदाहरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. मँचेस्टर आणि शेफील्ड या कारखान्यांच्या शहरांमध्ये पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील माळराने जमीनदारांनी रानकोंबड्यांसारख्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती आणि धुराने काळवंडलेल्या शहरांतील कामगारांना तेथे पाऊल टाकण्याची बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी काहीशे तरुण स्त्री-पुरुष जाणूनबुजून किंडर स्काउट या डोंगरावर चढले. जमीनदारांच्या राखणदारांशी झटापट झाली, पाचजणांना तुरुंगवास घडला. पण त्या चळवळीचा ठसा राहिला. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, त्यात निसर्गसौंदर्याचे जतन आणि लोकांना त्याचा आनंद घेता येणे असे दोन हेतू शेजारी शेजारी ठेवले गेले, आणि १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हेच त्या देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले.

गोष्ट येथे संपली असती तर ती फारच गोड झाली असती. कामगारांची नातवंडे लाखांच्या संख्येने त्या डोंगरांवर चालू लागली आणि पाणथळ, भुसभुशीत माती त्यांच्या बुटांखाली चिखल होऊन वाहू लागली. दोन हेतू एकमेकांवर उठले. १९७४ साली लॉर्ड सँडफर्ड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने असा निर्णय दिला की आनंद आणि जतन यांचा मेळ कोणत्याही उपायाने बसेनासा झाला तर जतनाला अग्रक्रम असावा. १९९५ साली ते तत्त्व कायद्यातही आले. त्या डोंगरांतील पायवाटांवर पुढे दगडी फरश्या अंथरण्यात आल्या, म्हणजे लोक चालतील पण माती वाचेल. त्यांतील अनेक फरश्या बंद पडलेल्या जुन्या कापडगिरण्यांतून काढलेल्या होत्या. ज्यांच्या आजोबांनी त्या फरश्यांवर उभे राहून माग चालविले, ती माणसे आज त्यांच्यावरून डोंगर चढतात. हक्क मिळविणे आणि हक्काला आपणहून आवर घालणे या दोन्ही गोष्टी एकाच समाजाने दोन पिढ्यांत शिकाव्यात, याचे आम्हांस मोठे अप्रूप वाटते. जो हक्क कधी मिळालाच नाही त्याला आवर घाला असे गरिबाला सांगणे मात्र शोभत नाही, हेही त्याच इतिहासात आहे.

म्हणूनच आम्हांला कासच्या मर्यादेपेक्षा तिच्या वाटपाची अधिक चिंता वाटते. तीन हजार हा आकडा योग्य की दोन हजार, हे वनस्पतिशास्त्रज्ञांनी आणि गावकऱ्यांनी ठरवावे. पण त्या तीन हजारांत कोण असावे? प्रवेशशुल्क आरंभी नाममात्र होते, ते वाढत गेले. गर्दी कमी करण्याचा सोपा मार्ग म्हणून ते आणखी वाढवा, असे म्हणणारी सुशिक्षित माणसे आम्हांस भेटली आहेत. असे केल्यास गर्दी निश्चित कमी होईल. परंतु मग बाहेर राहील ती फुले खुडणारी आजी, आणि आत जाईल तो, ज्याला सातारा-कास रस्त्यावरील एखाद्या हॉटेलात दोन दिवस मुक्काम परवडतो. दामाने वाटलेली मर्यादा ही जमीनदाराच्या कुंपणाची धाकटी बहीण आहे. पाळीने वाटलेली मर्यादा निराळी. तिच्यात 'नाही' म्हटलेले नसते, 'यंदा नाही' असे म्हटलेले असते.

जुन्या करारातील निर्गमाच्या ग्रंथात जमिनीला सातव्या वर्षी विसावा देण्याची आज्ञा आहे. या आज्ञेवरील प्रवचनांत विसाव्याबद्दल पुष्कळ बोलले जाते. परंतु पडीक राहिलेल्या त्या शेतात आपोआप जे उगवेल ते कुणाचे, हेही तेथे सांगितलेले आहे. ते आधी गोरगरिबांचे आणि त्यांच्यापाठोपाठ रानातील जनावरांचे. मालकाने हात मागे घ्यावयाचा तो या दोघांसाठी. जतन आणि न्याय ही दोन निराळी खाती आहेत असे त्या नियमकर्त्याला वाटलेले दिसत नाही.

आपल्या सह्याद्रीतील देवरायांतही पाळीचा विचार होता असे म्हणता येईल. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. कित्येक देवरायांत वाळकी काटकीही उचलावयाची नाही असा दंडक होता. तरी गाव तेथे जत्रेला जमे, जेवणावळी होत, पोरे खेळत. आनंद निषिद्ध नव्हता, त्याला दिवस ठरलेला होता. अर्थात देवरायांचे नको तितके गोडवे आम्ही गाणार नाही. तो धाक भीतीचा होता आणि कुणी कुठवर यावयाचे याचे उच्चनीच नियम तेथेही असत. भीती ओसरली तशा कित्येक राया तुटल्या, कुठे कुठे तर देऊळ सिमेंटचे बांधण्यासाठीच झाडे विकली गेली. भीतीने राखलेले वन भीती असेतोवरच टिकते.

भीतीच्या जागी काय ठेवावे? संत ऑगस्टीनने वस्तूंशी असलेल्या आपल्या संबंधाचे दोन प्रकार सांगितले आहेत. काही वस्तूंवर आपण त्यांच्यासाठीच प्रेम करतो, तो आस्वाद. काहींना आपण दुसरे काही मिळविण्याचे साधन करतो, तो उपयोग. ऑगस्टीनच्या मते पूर्ण आस्वाद घेण्यास योग्य असा परमेश्वर एकटाच, सृष्टी ही वापरण्यासाठी. प्रवासाच्या गाडीवरच जीव जडला तर मनुष्य घरी पोहोचणार नाही, अशी त्याला धास्ती. (सहलीच्या बसमध्ये गाण्यांत रंगलेली आमची तरुण मंडळी पाहून आम्हांलाही कधी कधी हीच धास्ती वाटते.) येथे त्या थोर पुरुषाशी आमचा थोडा मतभेद आहे. कासवर नासधूस होते ती आस्वाद अति झाल्यामुळे होते असे आम्हांस दिसले नाही. फुलांच्या ताटव्यात शिरून, पाठ फुलांकडे करून जो फोटो काढतो, त्याने फुलाचा उपयोग केला. ते नीट पाहिलेही नाही. सीतेची आसवे पाहावयाची तर पायवाटेच्या कडेला गुडघे टेकून, डोळे जमिनीजवळ नेऊन पाहावी लागतात, आणि तसे पाहणाऱ्याला आत शिरण्याची इच्छा उरत नाही. एका हातभर तुकड्यात त्याचा अर्धा तास जातो. आमच्या आजींनी शेवटी तेच केले. त्या मुलाने आपली गोणपाटाची घडी वाटेवरच्या दगडावर अंथरून दिली, आणि तेथे बसून त्यांनी एकेका फुलाचे नाव त्याला विचारून घेतले. दोन नावे त्यालाही ठाऊक नव्हती.

त्या सहलीनंतर आमच्या धर्मग्रामाच्या सहल समितीत बराच काथ्याकूट झाला. निष्पन्न झाले ते असे. कासला दोन वर्षांतून एकदाच, एकच बस नेली जाते, तीही शनिवार-रविवार वगळून. इच्छुक कुटुंबांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या जातात. साठी उलटलेल्यांना चिठ्ठीविना जागा, आणि एकदा जाऊन आलेल्या कुटुंबाचे नाव पुढील दोन खेपांना वगळले जाते. खर्च सर्वांचा सारखा नसतो; ज्याला जमेल तो अधिक घालतो आणि कुणी किती घातले ते खजिनदारापुरतेच राहते. या व्यवस्थेवर आक्षेप आले आहेत. मधल्या वारी शाळा बुडते, म्हणून लहान मुले मागे राहतात, हा त्यांतील सर्वांत खरा. ज्यांनी ते पठार पुढे पन्नास वर्षे राखावयाचे आहे तीच वगळली जातात, असे एका बाईंनी सभेत उठून विचारले. गणपतीच्या सुटीत जावे, तर त्या दिवसांत घाटात मुंगीलाही वाट नसते. पुढच्या महिन्यात समिती पुन्हा बसणार आहे.